शेपटी आठवत नाही

बोटीवर त्या मुलाने विचारलं आणि मी सांगून टाकलं. दोन श्वासांचाही वेळ घेतला नाही. एवढीशी गोष्ट, पण दोन महिने झाले तरी अंगठीत अडकलेल्या लोकरीच्या धाग्यासारखी ती मधूनच कुठेतरी ओढली जाते.

हॅवलॉकची सकाळ होती. सरकारदरबारी अंदमानातलं ते बेट आता स्वराज द्वीप, पण बोटवाले, चहावाले आणि मुंबईहून येणारे आमच्यासारखे सगळे अजून हॅवलॉकच म्हणतात. पहिली डाइव्ह आटोपली होती, दुसरीला तासभर अवकाश होता. अंगातला सूट कमरेपर्यंत सोललेला, कपाळावर मास्कचा वळ, तोंडात खारट रबराची चव आणि हातात कागदी कपातला गोडमिट्ट चहा. समोरच्या फळीवर नाशिकचं एक कुटुंब होतं. आईवडील पाण्यात उतरलेच नव्हते. वडिलांना बोट लागत होती आणि आई त्यांना लिंबू हुंगवत होती. त्यांचा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा मात्र इन्स्ट्रक्टरचा हात धरून पहिल्यांदाच समुद्राखाली जाऊन आला होता. कॅमेरा गळ्यात, केस उभे, दात वाजताहेत, आणि कुणालातरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही असा चेहरा.

"काकू, एक मासा होता," तो म्हणाला. "ताटलीसारखा चपटा. काळे-पांढरे जाड पट्टे, मागे पिवळं. आणि पाठीतून एक लांब पांढरी दोरी निघालेली, अशी मागे उडत होती. तो कुठला?"

"मूरिश आयडॉल," मी म्हणाले.

त्याने ते नाव दोनदा तोंडात घोळवून पाहिलं. मग आईला सांगितलं, वडिलांना सांगितलं, चहा देणाऱ्या पोऱ्यालाही सांगितलं. शिडीजवळच्या खुंटीला माशांच्या चित्रांचं एक प्लास्टिकचं कार्ड लटकवलेलं होतं, ते काढून बराच वेळ उलटंपालटं करत बसला. मला बरं वाटलं. पोरगं गोडी लागल्यासारखं दिसतंय, असं मनात म्हणत मी जाणकार माणसाच्या किंचित कंटाळलेल्या चेहऱ्याने समुद्राकडे पाहत राहिले. खात्री असायला कारणही होतं. त्याच डाइव्हला मीही तसाच मासा पाहिला होता. लॉगबुकात खोली १४ मीटर, तापमान २९ अंश, शिल्लक हवा ६० बार, या ओळींखाली मी ठसठशीत लिहून ठेवलं: मूरिश आयडॉल, एक.

दुपारच्या फेरीने ते कुटुंब पोर्ट ब्लेअरला गेलं. रात्री जेवण झाल्यावर डाइव्ह सेंटरच्या ओसरीवर पडलेलं माशांचं एक जुनं पुस्तक मी सहज उचललं. दमट हवेने फुगलेलं, पानांना कोंदट वास, कडेला कुणाच्यातरी बोटांचे तेलकट ठसे. आयडॉलचं पान आलं. त्याखाली बारीक अक्षरांत सूचना होती की या माशाची बॅनरफिशशी गल्लत होते. पान उलटलं, तर तोच मासा. म्हणजे तोच वाटावा असा. तीच ताटली, तेच काळे-पांढरे पट्टे, पाठीवर तोच लांबलेला पर. फरक असा, की आयडॉलचं तोंड नळीसारखं पुढे आलेलं, त्यावर खोगीर टाकावं तसा पिवळट-नारिंगी डाग, आणि शेपटी काळी. बॅनरफिशचं तोंड आखूड, खोगीर नाही, आणि शेपटी पिवळी. दोघांचं कूळही एक नाही. बॅनरफिश हा फुलपाखरू माशांपैकी एक. आयडॉल आपल्या कुळात एकटाच, आणि त्याचं जवळचं नातं सर्जनफिशशी.

सोपं आहे की. शेपटी काळी तर हा, पिवळी तर तो. मी डोळे मिटून तो क्षण पुन्हा उभा केला. खडकाची कड दिसली. पट्टे दिसले. ती पांढरी दोरी तर इतकी स्पष्ट की हात लावावा. शेपटीच्या जागी नुसतं निळं पाणी.

चव्वेचाळिसाव्या वर्षी मी डायव्हिंग शिकले. दादरच्या घरी सांगितलं तेव्हा आई शांतपणे म्हणाली, "खायचे मासे कमी पडले का?" तलावातले धडे मुंबईत झाले, समुद्रातले बाहेर. आपल्या समुद्रात उतरून काही दिसायचं नाही. खाड्यांचा गाळ आणि भरती-ओहोटीची घुसळण यांनी त्याचा चहा झालेला असतो. गुडघाभर पाण्यात स्वतःची पावलं दिसत नाहीत तिथे मासे काय दिसणार. म्हणून मुंबईची माणसं मासे बघायला मालवणला, मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला, आणि पैसे साठले की अंदमानला जातात. जन्मभर समुद्राला टेकून राहायचं आणि समुद्र बघायला विमानाने जायचं, यातला विनोद मला पहिल्या फेरीतच कळला होता. तरी गेले. अजून जाते.

खाली गेल्यावर पहिला धक्का बसतो तो रंगांचा. जाहिरातीतला समुद्र लालपिवळा असतो. खरा समुद्र वरून एकेक रंग काढून घेत जातो. सगळ्यात आधी जातो लाल. पाच-सात मीटरांवरच तो मरायला लागतो, आणि पंधराच्या पुढे लालभडक मासासुद्धा राखेच्या रंगाचा दिसतो. एकदा खडकाला घासून माझ्या बोटाला चरा गेला आणि त्यातून हिरवट-काळा धूर निघाला. ते माझंच रक्त आहे हे कळायला क्षणभर लागला. टॉर्च मारला की मात्र त्याच राखाडी खडकावर कुंकवाचा करंडा उपडा झाल्यासारखं होतं. शिवाय मास्कच्या काचेतून सगळं पाऊणपट अंतरावर आणि सव्वापटीहून मोठं दिसतं. बोटीवर परतलेल्या प्रत्येकाचा शार्क दोन हात लांब का असतो, याचं निम्मं उत्तर यात आहे. उरलेलं निम्मं स्वभावात.

आमचा इन्स्ट्रक्टर पोर्ट ब्लेअरचाच, बंगाली. पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं होतं, "कलर पे मत जाओ मॅडम. पहले शेप देखो, फिर चाल देखो." चाल हा शब्द मला फार आवडला. गर्दीतसुद्धा आपण ओळखीचं माणूस लांबून चालीवरूनच ओळखतो, चेहरा नंतर येतो. पाण्याखालीही तसंच निघालं. रास नावाचे मासे शेपूट न हलवता छातीशेजारच्या दोन परांनी वल्ही मारल्यासारखे जातात. ट्रिगरफिश वरचा आणि खालचा पर लाटेसारखा फिरवत तरंगतो, आणि तो टायटन जातीचा असून खाली अंडी असतील तर सरळ अंगावर येतो. त्याची हद्द घरट्यापासून वर शंकूसारखी रुंदावत जाते, म्हणून घाबरून वर पळायचं नाही, आडवं निघून जायचं. पोपटमासा दिसायच्या आधी ऐकू येतो. कुरुम कुरुम. दाताने खडक खरवडत असतो, आणि पोटातून जाऊन जे बाहेर पडतं ती वाळू. त्या पांढऱ्या किनाऱ्यावर टॉवेल पसरून पडलेल्या माणसांना हे सांगावं असं मला दरवेळी वाटतं.

पण ओळख पटली असं वाटतं तेव्हाच खाली खड्डा असतो. दगडाच्या कपारीशी एक निळी-काळी पट्टेवाली सळई नाचत असते, मोठे मासे तिच्यापुढे तोंड उघडून रांगेत उभे राहतात. ती त्यांच्या अंगावरचे परजीवी आणि मेलेली कातडी खाऊन साफसफाई करणारी क्लीनर रास. आणि अगदी तशीच, त्याच पट्ट्यांची, त्याच नाचाची दुसरी एक सळई असते; ती जवळ येऊन परांचा लचका तोडते. फरक तोंडात. खरीचं तोंड टोकाला असतं, खोटीचं हनुवटीखाली. माझ्यासारखीला हा फरक पुस्तकात दिसतो, पाण्यात कधीच नाही. पोपटमाशांत तर बऱ्याच जातींत तपकिरी मादीच पुढे हिरवा-निळा-गुलाबी नर होते. एम्परर एंजलफिशचं पिल्लू गडद निळं, अंगावर पांढरी वर्तुळं एकात एक, पाण्यात खडा टाकल्यावर उठावीत तशी. मोठेपणी तीच स्वारी पिवळ्या-निळ्या रेघांची, डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेली. बाप आणि मुलगा शेजारी उभे केले तरी कुणी नातं सांगणार नाही. बर्लिनच्या ब्लॉख नावाच्या डॉक्टरने १७८७ मध्ये मोठ्या माशाला नाव दिलं. तो गेल्यावर १८०१ मध्ये निघालेल्या त्याच्या ग्रंथात पिल्लाला वेगळी जात समजून निकोबारवरून दुसरंच नाव ठेवलेलं आहे. त्या काळी हे मासे युरोपात पोचायचे ते दारूच्या बाटल्यांत, रंग उतरलेले. हे वाचलं तेव्हा मला, खरं सांगायचं तर, बराच दिलासा मिळाला होता.

दिलासा फार टिकला नाही. ब्लॉखपुढे तो मुलगा बसलेला नव्हता.

खात्रीने नाव सांगणारा माणूस मी फार जवळून पाहिला आहे. बाबा गिरगावात एका छापखान्यात खिळे जुळवायचे. ओळ उलटी वाचणं, आरशातल्यासारखी वाचणं, हे त्यांना सरळ वाचण्यापेक्षा सोपं जायचं. रफार एक खिळा पुढे सरकला तर जेवताना वर्तमानपत्र बाजूला ठेवून "बघ, घसरला" म्हणायचे. तो डोळा फक्त देवनागरीसाठी होता. इंग्रजी त्यांना अक्षर लावून लावून वाचता यायचं, आणि तसं वाचताना कुणी पाहिलेलं त्यांना चालायचं नाही. मला मात्र आईच्या हट्टाने इंग्रजी शाळेत घातलेलं. महिन्यातून एखाद्या रविवारी आम्ही दोघं चर्नी रोडला उतरून तारापोरवाला मत्स्यालयात जायचो. १९५१ साली सुरू झालेली, मरीन ड्राइव्हवरची ती इमारत, बाहेर डोळे दिपवणारा समुद्र आणि आत एकदम सिनेमागृहासारखा थंड अंधार. त्या अंधारात काचेमागे हिरवट उजेडाच्या खोल्या. माझं नाक काचेला, बाबांचा हात माझ्या डोक्यावर, आणि त्या हाताला शाईचा आणि रॉकेलचा वास.

प्रत्येक खोलीपुढे बाबा नाव सांगायचे. थांबायचे नाहीत, अडखळायचे नाहीत. "हा बँडमास्तर." "हा बघ, हा तलाठी, कसा सगळीकडे तोंड घालतो." "ही शेवंती." मी आठ-नऊ वर्षांची होईपर्यंत हीच नावं खरी होती. नववं वर्ष असेल, एका काचेपुढे ते म्हणाले, "आणि हा तुरेवाला." काळे-पांढरे पट्टे, मागे पिवळं, पाठीवर लांब पांढरा तुरा. काचेखाली इंग्रजीत पाटी होती, आणि तोवर मला इंग्रजी वाचता येत होतं. मनातल्या मनात अक्षर लावलं. बटरफ्लाय फिश. पुढच्या काचेकडे गेलो. तिथे बाबा एक बोलले, पाटी दुसरंच म्हणत होती. त्याच्या पुढेही तसंच. सगळं मत्स्यालय मी त्या दिवशी दोन भाषांत पाहिलं आणि एकाही काचेपुढे तोंड उघडलं नाही.

का उघडलं नाही, याचं थोर उत्तर माझ्याकडे नाही. मागे रांगेत माणसं होती, त्यांनी ऐकलं असतं तर, ही लाज होती. बाबांची लाज वाटली याचीही लाज होती. आणि त्यांच्या आवाजात जी मजा होती तिला टाचणी लावायची नव्हती, हेही खरं असेल. पण ते मी मोठेपणी स्वतःला बरं वाटावं म्हणून जोडलेलं असण्याची शक्यता आहे. बाबांना माहीत होतं का, की ही वाचते आहे? फी तेच भरत होते. पुस्तकांना कव्हरं तेच घालत होते. पुढे दोन-तीन वर्षं आम्ही जात राहिलो आणि ते नावं सांगत राहिले. मत्स्यालयही आता काही वर्षं बंद आहे, नाहीतर तुरेवाल्याची काच अजून तिथे आहे का ते एकदा पाहून आले असते.

हॅवलॉकहून परतल्यावर पहिल्या रविवारी मी सिटीलाइटच्या मासळी बाजारात गेले. नेहमीच्या मावशी ओट्यावर, पायाशी बर्फ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. गर्दी नव्हती, म्हणून फोनवर शोधून ठेवलेलं चित्र त्यांना दाखवलं. शेपूट पिवळी असलेलं. म्हटलं, "मावशी, हा मासा कधी येतो का तुमच्याकडे? काय म्हणता ह्याला?"

त्यांनी फोन हातभर लांब धरला. "असला पट्ट्यांचा येतो की कवा कवा जाल्यात. दोन घास पन नाय निघायचं." मग शेजारणीकडे फोन सरकवला. शेजारणीने एक नाव सांगितलं, मावशींनी "तो न्हवं, तो येगला" म्हणून ते मोडीत काढलं, मागच्या ओट्यावरून तिसरीने आपलं मत दिलं. पाच मिनिटं तिघी माझ्या फोनवरून वाद घालत होत्या, मधेच एकीचा कोयता बांगड्यावर खाडकन पडायचा, आणि शेवटपर्यंत एकमत काही झालं नाही. मला उगीच आनंद झाला. पापलेट, सुरमई, रावस, घोळ, हलवा, बोंबील, मांदेली, मुडदुशी, कर्ली, शिंगाळा, तांबोशी, गोब्रा. तव्यावर जाणाऱ्या प्रत्येकाला आपल्याकडे नाव आहे. पट्टेवाल्याचं तेवढं नक्की नाही.

आणि तव्यावरची नावंच पुढे लांब गेलेली आहेत. पॅट्रिक रसेल नावाच्या डॉक्टरने विशाखापट्टणमला दोनशे मासे पाहून त्यांची वर्णनं १८०३ मध्ये छापली, तेव्हा तिथल्या लोकांची नावंही टिपून घेतली. म्हणून आपल्या बांगड्याचं शास्त्रीय नाव आजही रास्ट्रेलिजर कनागुर्ता आहे. कनागुर्ता हे तेलुगू नाव. कुठल्यातरी ओट्यावर एखाद्या तेलुगू मावशीने हातभर लांब धरून सांगितलं असेल, आणि शेजारणीने तेव्हाही म्हटलं असेल, तो न्हवं.

"आता घेतेस का काय?" मावशींनी फोन परत दिला. मी ताटातल्या एका पापलेटावर बोट ठेवलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "कापरी हाय ती. चालीस वर्सं खातेस, तुला कापरी नि पापलेट कलत नाय, नि पान्याखालचं मासं वलखाया निघालीस?" मग दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. खऱ्या पापलेटाची शेपूट खोल चिरलेली, खालचा फाटा वरच्यापेक्षा लांब. कापरीची आखूड, बोथट, दोन्ही फाटे सारखे. "हितं बघायचं," म्हणत त्यांनी माझं बोट धरून त्या थंड, बुळबुळीत फाट्यावरून फिरवलं. २०२३ मध्ये सरकारने पापलेटला राज्यमासा केलं, त्या पापलेटाची ही गत. हलव्याला आपण काळं पापलेट म्हणतो तो तर पापलेटच नाही, ट्रेव्हलींच्या कुळातला आहे, हे मला माहीत होतं; पण ते सांगायची ती वेळ नव्हती. मी मुकाट्याने खरं पापलेट घेतलं. महाग पडलं.

त्या बोटाला संध्याकाळपर्यंत वास येत होता.

पुढच्या पौर्णिमेच्या ओहोटीला हाजी अलीच्या खडकांवर गेले. तिथे हल्ली हौशी माणसं वाकून वाकून फिरताना दिसतात. २०१७ पासून मरीन लाइफ ऑफ मुंबईची मंडळी लोकांना असं किनाऱ्यावर नेतात, त्याची ही लागण. कोस्टल रोड होताना २०२० मध्ये इथली आणि वरळीची प्रवाळं उचलून दुसरीकडे लावली गेली, तोवर इथे प्रवाळ आहे हेच बहुतेक मुंबईकरांना ठाऊक नव्हतं; मला तरी नव्हतं. प्लास्टिकची पिशवी, एक चप्पल, निर्माल्य, आणि त्यातच ताटाएवढ्या डबक्यात एक बोटभर मासा. मातकट, डोक्यावर फुगीर डोळे, मी वाकले की दगडाखाली, सरकले की बाहेर. कॉलेजातली एक मुलगी फोटो काढत होती. तिने विचारलं, "कुठला आहे हो?" तोंडात गोबी हे नाव तयार होतं. मी ते गिळलं आणि म्हटलं, "बघू या." मग आम्ही दोघी उकिडव्या बसून राहिलो, भरतीचं पाणी चपलांना लागेपर्यंत. त्याच्या शेपटीवर बारीक ठिपक्यांच्या चार ओळी होत्या. ते मात्र मी मोजून घेतलं.

त्या रात्री डाइव्ह सेंटरला मेसेज केला. त्या तारखेच्या बोटीवर नाशिकचं एक कुटुंब होतं, त्यांचा नंबर मिळेल का? नंबर देता येणार नाही, पण निरोप पोचवू, असं उत्तर आलं. बरोबरच होतं त्यांचं. निरोप लिहायला मला पाऊण तास लागला. आधी फार लांब झाला, मग फार तुटक. शेवटी एवढंच लिहिलं, की बोटीवर भेटलेल्या काकू. मी मूरिश आयडॉल सांगितला तो बॅनरफिश असू शकेल. तुझ्याकडे फोटो असेल तर शेपटी बघ. पिवळी असेल तर मी चुकले.

चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी, बँकेत दुपारच्या डब्याच्या वेळी, अनोळखी नंबरवरून मेसेज आला. सोबत फोटो. निळसर, थोडा हललेला, पण मासा पुरता चौकटीत. पट्टे, तुरा, आणि हळदीत बुडवून काढल्यासारखी पिवळी शेपटी.

"हो काकू, बॅनरफिशच आहे. मी तेव्हाच बोटीवर ते प्लास्टिकचं कार्ड होतं ना, त्यात बघितलं होतं. कॅमेऱ्यात झूम करून शेपटी पण चेक केली. पण तुम्ही एकदम शुअर होतात आणि छान सांगत होतात, मग नाही बोललो. सॉरी."

पोळीचा घास हातात तसाच राहिला. समोरची सहकारी विचारत होती, काय झालं, काही वाईट आहे का. मी मान हलवली. फोटो मोठा करून पाहिला, लहान केला, पुन्हा मोठा केला. तेवढ्यात खाली आणखी एक ओळ उमटली.

"पण तुम्ही पाहिला तो वेगळा असेल ना? तो कुठला होता?"

अंगठ्याने मी "मूरिश" इतकं लिहिलं आणि थांबले. ते खोडलं. मग लिहिलं, "शेपटी आठवत नाही," आणि पाठवून दिलं.